वसतिगृह ही चैन नव्हे

मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील विद्यानगरीचा विस्तार दोनशे एकरांहून अधिक आहे. परंतु शेवटचा तास आटोपला की बहुसंख्य विद्यार्थी सांताक्रूझ वा कुर्ला स्थानकाची वाट धरतात आणि हा विस्तीर्ण परिसर ओस पडू लागतो. जेथे दिवस मावळताच चर्चा, वाचन आणि वादविवाद थांबतात, त्या संस्थेला विद्यापीठ म्हणावे की पदव्यांची कचेरी, हा प्रश्न आहे.

या अवस्थेचे मूळ इतिहासात आहे. १८५७ साली हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले. महाविद्यालयांना संलग्नता देणे, परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढेच त्याचे कार्य होते. पुढे १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, इतर विषयांचे विभागही उभे राहिले आणि कालांतराने विद्यानगरी वसली. अध्यापन आले, निवास मात्र मागेच राहिला. आजही वसतिगृहांतील जागा विद्यार्थिसंख्येच्या मानाने तुटपुंज्या आहेत.

वसतिगृहे बांधण्यास पैसा नाही, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही. कर्जत, कसारा वा विरारहून येणाऱ्या विद्यार्थ्याचे जाण्यायेण्यात रोजचे चार तास जातात असे धरले, तर वर्षातील १८० दिवसांत ७२० तास होतात. म्हणजे पूर्ण तीस दिवस आणि तीस रात्री! हा खर्च विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तो विद्यार्थ्याच्या शरीरावर आणि बुद्धीवर पडतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हेही याच विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. तेथून येणाऱ्याला रोजचा प्रवास शक्यच नाही. त्याने नातेवाइकाच्या चाळीतील खोलीत कोपरा शोधावा, नाहीतर घरमालक मागेल ते भाडे मोजावे. ज्यांना हे दोन्ही जमत नाही, ते प्रवेशाच्या आधीच गळतात. आणि मुलींच्या बाबतीत तर प्रवासाच्या काळजीनेच घरचा नकार येतो. खर्च टळलेला नाही. तो सरकारच्या खात्यातून गरिबाच्या खात्यावर ढकलला गेला आहे, इतकेच.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकवण्याची गरज नाही. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंक्तीला बसवले. औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय उभारले, तेव्हा तेथेही वसतिगृहाचा विचार शिक्षणापासून वेगळा नव्हता. त्यांच्या लेखी वसतिगृह म्हणजे निव्वळ निवारा नव्हता. जातीच्या भिंती पाडणारी ती शाळा होती.

या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्या शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजनेखाली, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना रोख रक्कम देण्यास आरंभ केला. या मदतीचे मोल कमी नाही. परंतु हाती पैसा ठेवल्याने शहरात खोली निर्माण होत नाही आणि जात विचारणारा घरमालकही बदलत नाही.

तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे. विद्यानगरीची जमीन सार्वजनिक आहे; तिच्यावर सार्वजनिक पैशातूनच वसतिगृहे उभी राहावीत. वांद्रे-कुर्ला संकुल शेजारी असल्याने या जमिनीवर अनेकांची नजर असणार. ‘भागीदारी’च्या नावाखाली ती खाजगी विकासकाच्या हाती जाऊ देता कामा नये. प्रवेश देताना आरक्षणाबरोबरच घराचे अंतर व कुटुंबाचे उत्पन्न पाहावे. भोजनालय विद्यार्थ्यांच्या सहकारी समितीकडे असावे. शुल्क गरिबाच्या आवाक्यात राहिले नाही तर इमारती असूनही दारे बंदच राहतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ साली वसतिगृहाच्या शुल्कवाढीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ते याच कारणाने.

मात्र केवळ खाटा वाढवून परिसर जिवंत होत नाही. महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका १९९४ पासून थांबल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद झाली, पण ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. ज्यांना आपले प्रतिनिधी निवडता येत नाहीत, त्यांना परिसर आपला कसा वाटावा? आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचे काय? मुंबईत अशांसाठीच १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालयाचे सकाळचे वर्ग सुरू झाले. त्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे हवे, स्वस्त जेवण हवे आणि गाडी चुकल्यास रात्रीपुरता आसराही हवा. निवासी विद्यापीठ हे निवासी विद्यार्थ्यांपुरतेच राहिले, तर विशेषाधिकाराचे नवे बेट तेवढे तयार होईल.

कामगाराच्या आठ तासांच्या दिवसासाठी समाजवादी चळवळीने लढे दिले, कारण उरलेला वेळ माणसाचा स्वतःचा असला पाहिजे, हे तिला ठाऊक होते. त्याच कामगाराच्या मुलाचे आणि मुलीचे चार तास आज रोज आगगाडीत खर्ची पडत आहेत. ते परत मिळवणे हा विद्यार्थी संघटनांचा एकाकी प्रश्न नाही. पक्षाच्या शाखांनी आणि कामगार संघटनांनीही तो आपल्या मागण्यांच्या यादीत घेतला पाहिजे.