वाफेची साक्ष

गेल्या महिन्यात रत्नागिरीजवळच्या एका खेड्यात नौदलातून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांची भेट घडली. ‘आजोबा, ‘विक्रांत’वरून लढाई कशी दिसली?’ असे मी विचारताच ओटीवरच्या झोपाळ्याला पायाने हलकेच थांबवून ते म्हणाले, ‘‘दिसली कुठे? आम्ही ती ऐकली.’’

१९७१ च्या डिसेंबरातल्या भारत-पाक युद्धात ते ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या पोटात, बॉयलरांच्या धगीत तैनात होते. चार बॉयलरांपैकी एक नादुरुस्त असल्यामुळे हे जहाज युद्धावर धाडावे की नाही, याविषयी वरिष्ठांत मतभेद होते; तरीही उरलेल्या तिहींच्या भरवशावर ते बंगालच्या उपसागरात उतरले, आणि ४ डिसेंबरला त्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढविला. विमानांना आकाशात फेकणारे यंत्र त्याच बॉयलरांच्या वाफेवर चालत असल्यामुळे, डोक्यावर दणका झाला की एक विमान गेले हे खालच्या मंडळींना उमगे. आणि तितकेच दणके उतरतीचे ऐकू येईपर्यंत, आजोबा सांगत होते, कोणी कोणाशी बोलत नसे.

सरकारी दफ्तरात मोहिमांचे हुकूम आणि पराक्रमाची सन्मानपत्रे सापडतील. परंतु हे उतरतीचे दणके मोजणारे मौन कोणत्याही दफ्तरात दाखल झालेले नाही, आणि ज्या युद्धाचा आपण अभिमान बाळगतो, त्याचा इतिहास या मौनावाचून अपुराच राहणार, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६१ साली नौदलात दाखल झालेली आणि १९९७ साली निवृत्त झालेली ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे जतनाचा खर्च पेलत नाही म्हणून २०१४ साली तिचा लिलाव झाला आणि ती मोडीत निघाली. जहाज सांभाळण्यास कोट्यवधी रुपये लागतात, हे मान्य. माणसाची आठवण सांभाळण्यास एक वही आणि एक दुपार पुरते.

गावोगावच्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम तातडीने अंगावर घ्यावे, आणि जहाजाचे नाव, साल व हुद्दा यांसह या कैफियती सांगणाऱ्याच्याच बोलीत नोंदवून ठेवाव्यात. त्या युद्धात विशीत असलेला नाविक आज सत्तरी ओलांडून गेला आहे. आपल्या गावात असा कोणी असेल, तर येत्या रविवारीच त्याच्या ओटीवर जाऊन बसा.