मातीची भिंत आणि सूक्ष्म जीवांचे घर

भिवंडीत यंत्रमागावर चढण्यापूर्वी ताण्याला खळ दिली जाते. खळीमुळे धागा टिकतो. पुढे कापडाच्या धुलाईत तीच खळ पाण्यात उतरते आणि ते पाणी कुजू लागते. कामवारी नदीकाठच्या या शहरात सूत आणि कापडाच्या व्यापारावर अनेक जैन पेढ्या उभ्या आहेत. म्हणूनच त्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यांच्या हिशेबाबाहेरचा नाही.

खळीसारखे पिष्टमय द्रव्य जीवाणूंचे अन्न असते. ते खाताना जीवाणू विजेचे सूक्ष्म कण मोकळे करतात, हे 1911 मध्ये एम. सी. पॉटर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखविले. याच तत्त्वावर सूक्ष्मजीव इंधनघट चालतो. प्राणवायू नसलेल्या कप्प्यात जीवाणू मळ खातात. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या कप्प्याकडे जातात, तर प्रोटॉन मधल्या पडद्यातून पलीकडे पोहोचतात. तेथे प्राणवायूशी संयोग होऊन पाणी तयार होते.

सारी कसोटी त्या पडद्याची. त्याने प्रोटॉनला वाट द्यावी, पण प्राणवायूला अडवावे. प्राणवायू आत झिरपला, तर जीवाणू आपले इलेक्ट्रॉन तारेला न देता त्यालाच देतात. पडदा फार घट्ट झाला, तर प्रवाहच मंदावतो. शिवाय त्यावर जीवाणूंचा थर साचत जातो, तो वेगळाच अडथळा. प्रयोगशाळांत यासाठी ‘नॅफिऑन’ नावाचा कृत्रिम पडदा वापरला जातो. तो कार्यक्षम आहे, परंतु इतका महाग की सांडपाण्याच्या कामी परवडू नये.

खरगपूरच्या आयआयटीत प्रा. मकरंद घांगरेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर कुंभाराच्या मातीतून मार्ग काढला. भाजलेल्या मडक्याची सच्छिद्र भिंत हाच त्यांनी पडदा मानला. 2010 मध्ये भातगिरणीच्या सांडपाण्यावरील त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पुढे मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज मिसळून भिंतीची प्रोटॉन वाहून नेण्याची क्षमता वाढविण्यात आली. भिंत पातळ केली तर रोध घटतो, पण प्राणवायूची गळती वाढते. हा तोल मात्र प्रत्येक वेळी साधावाच लागतो.

यातून कारखाना चालेल, असा भ्रम नसावा. एका घटातून जेमतेम अर्धा व्होल्ट दाब मिळतो. रंग आणि क्षार असलेल्या पाण्याला अन्य प्रक्रियाही लागतात. खरा लाभ निवळलेल्या पाण्याचा आहे. हवा फुंकण्याचा खर्च वाचतो, गाळही कमी साचतो.

जैन घरात पाणी दुहेरी वस्त्रातून गाळून जिवाणी मूळ जलाशयात सोडण्याची परंपरा आहे. ज्या जीवाला जेथे आधार आहे, तेथे त्याला पोहोचविणे हा त्यामागील विवेक. मातीची भिंतही काही अडवते, काही जाऊ देते आणि आतल्या जीवांना त्यांच्या स्थानी राखते. पिण्याच्या पाण्यासाठी घरोघरी पाळला जाणारा हा विवेक व्यापारातून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही लागू व्हावा. कापड धुलाईस धाडताना दर ठरतो, मुदत ठरते. त्याच वेळी ‘पाणी कोठे सोडता?’ एवढे विचारले, तरी जलकायिक जीवांच्या जयणेचे पहिले पाऊल पेढीवरच पडेल.