पोलिसाला भाचा असावा लागतो का?

या सदरात एरवी कोलेस्टेरॉल, रिटायरमेंटचे पैसे आणि भारतातल्या फ्लॅटवरचा टॅक्स यांवर जाणकार मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही आणि सीपीएही नाही. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा, तेरा वर्षांच्या मुलाचा बाप आहे. आमचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. हे वाक्य मंडळाच्या अंकात लिहायला मला बरीच वर्षे लागली. आज लिहितो आहे त्याला गेल्या सप्टेंबरातली एक संध्याकाळ कारण आहे.

आमच्या चिरंजीवांना गोल फिरणाऱ्या वस्तूंचे वेड आहे. घरातला पंखा, वॉशिंग मशीन, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे लोकांच्या घरामागे एअर कंडिशनरचे जे मोठे धूड असते त्यातला पंखा. इथे दक्षिणेत सप्टेंबरातही एसी चालूच असतात. त्या दिवशी आम्ही दोघे ऑफिसातून यायचे होतो आणि घरी माझी आई होती. ती फोडणीकडे वळली तेवढ्यात हा अनवाणी मागच्या दाराने पसार झाला. जाताना ओट्यावरचा स्टीलचा झारा घेऊन गेला, कारण तो बोटांत छान फिरतो.

चार घरे सोडून एक नवे कुटुंब राहायला आले आहे. तिन्हीसांजेला आपल्या मागच्या अंगणात एक उंच मुलगा हातात काहीतरी चकाकणारे घेऊन उभा आहे आणि हाका मारल्या तर वळूनही बघत नाही, हे पाहून त्यांनी ९११ ला फोन केला. त्यांची काही चूक नाही. मीही तेच केले असते.

दोन पोलीस आले. पहिला तरुण होता. त्याने डोळ्यांवर टॉर्च मारून हातातली वस्तू टाकायला सांगितले. आमच्या मुलाने तेच वाक्य, त्याच चढ्या आवाजात, त्याला परत ऐकवले. कानावर पडलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणे ही ऑटिझममधली नेहमीची गोष्ट आहे. घाबरला की तो जास्तच म्हणतो. पोलिसाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला वाटले, पोरगा आपली टिंगल करतो आहे. तो अधिक जोरात ओरडला, याने अधिक जोरात उत्तर दिले. तोवर माझी आई धापा टाकत पोचली आणि मराठीत ओरडू लागली, "अहो, मारू नका हो, लेकराला कळत नाही!" आता ओरडणारी माणसे तीन झाली.

दुसरा पोलीस वयाने मोठा होता. त्याने जोडीदाराला मागे थांबवले, टॉर्च जमिनीकडे करायला लावला आणि स्वतः आठ-दहा पावलांवर गवतात बसला. मुलाच्या समोर नाही, जरा तिरका. थोडा वेळ तोही पंख्याकडे बघत राहिला. मग नुसते "फॅन" म्हणाला. मुलगा म्हणाला, "फॅन." बऱ्याच वेळाने त्याने दोन शब्दांत झारा खाली ठेवायला सांगितले आणि हाताने खुणेने दाखवले. मग गप्प बसला. आई सांगते की तेवढ्या वेळात तिचे अर्धे रामरक्षा स्तोत्र झाले. त्यानंतर मुलाने झारा गवतावर ठेवला.

मी पोचलो तेव्हा सगळे शांत होते. मी त्या माणसाचे दोन्ही हात धरले आणि विचारले की हे शिक्षण तुम्हाला कुठे मिळाले? तो हसला. म्हणाला, शिक्षण कसले, माझा भाचा असाच आहे. खात्याने काही वर्षांपूर्वी तासाभराचा व्हिडिओ दाखवला होता, त्यातले आता काही आठवत नाही.

त्या उत्तराने माझी झोप उडाली ती उडालीच. माझा मुलगा सुखरूप राहिला तो एका अनोळखी माणसाच्या भाच्यामुळे. त्या संध्याकाळी ड्यूटीवर दुसराच कोणी असता तर? आमच्या धंद्यात एखादा प्रोग्रॅम केवळ नशिबाने चालला तर त्याला आम्ही चालणारा प्रोग्रॅम म्हणत नाही.

नशीब नसले की काय होते त्याची उदाहरणे या देशात जाहीर आहेत. जानेवारी २०१३ मध्ये मेरीलँडमधल्या फ्रेडरिक काउंटीत डाउन सिंड्रोम असलेला ईथन सेलर हा २६ वर्षांचा तरुण सिनेमा संपल्यावर तोच पुन्हा बघायला थिएटरात जाऊन बसला. दुसरे तिकीट काढले नव्हते. सोबतची मदतनीस सांगत होती की थांबा, त्याची आई येते आहे. पण थिएटरची राखण करणाऱ्या, ड्यूटीवर नसलेल्या तीन डेप्युटींनी त्याला धरून बाहेर काढायचे ठरवले आणि त्या झटापटीत तो गेला. एका तिकिटापायी! जुलै २०१६ मध्ये नॉर्थ मायामीत रस्त्यावर बसलेल्या एका स्वमग्न माणसाच्या हातातला खेळण्यातला ट्रक बंदूक समजला गेला. त्याच्याशेजारी हात वर करून आडवा पडलेला त्याचा मदतनीस ओरडून सांगत होता की तो खेळणे आहे. पोलिसाची गोळी त्या मदतनिसाच्या पायात गेली.

आणि फेब्रुवारी २०१५ मधले अलाबामाच्या मॅडिसन गावातले प्रकरण आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. नातवाला सांभाळायला गुजरातेतून आलेले ५७ वर्षांचे आजोबा मुलाच्या घराजवळ फिरायला निघाले होते. कुणीतरी संशयाने फोन केला. पोलिसांना ते एवढेच सांगू शकले की इंग्रजी येत नाही. त्यांना जमिनीवर आपटण्यात आले आणि त्यांच्या शरीराला अर्धांग आले. खटल्यात दोनदा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये अधिकारी सुटला. त्या आजोबांना अपंगत्व नव्हते, फक्त भाषा नव्हती. पण समोरच्याने उत्तर दिले नाही म्हणजे तो उद्धट आहे किंवा त्याच्या मनात काळेबेरे आहे, हा समज दोन्हीकडे एकच.

हा समज शिकवून बदलता येतो असे माझे मत आहे. टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये १९८७ साली मनोरुग्ण तरुणावर पोलिसांनी गोळी झाडली. त्यानंतर १९८८ मध्ये पोलीस, मानसोपचारवाले आणि रुग्णांचे नातेवाईक यांनी मिळून ४० तासांचे शिक्षण आखले. आज ते देशभर पसरलेले आहे. पण त्याचा मुख्य भर मानसिक आजारावर. ऑटिझम, बहिरेपणा, मतिमंदत्व, स्मृतिभ्रंश यांच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. मेरीलँडने सेलर प्रकरणानंतर मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. २०१५ साली कायदा करून अपंग व्यक्तींनाच पोलिसांचे शिक्षक म्हणून वर्गात आणायची सोय केली. मला हा मार्ग पटतो. त्या मोठ्या पोलिसाकडे जे होते ते व्हिडिओतून आलेले नव्हते, भाच्याबरोबर घालवलेल्या रविवारांतून आले होते. प्रत्येक शिपायाला भाचा पुरवता येणार नाही. निदान वर्गात एखादा दिवस तरी पुरवावा.

शिकवायचे तसे फार नाही. धोका नसेल तर सायरन आणि चमचमणारे दिवे बंद करा. एका वेळी एकानेच बोला. छोटे वाक्य बोला आणि मग थांबा. हे थांबणे सगळ्यांत कठीण, कारण उत्तर आले नाही की आपण तेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणतो आणि त्या बिचाऱ्याचे डोके पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. न सांगता अंगाला हात लावू नका. तो हात हलवत असेल, डोलत असेल तर थांबवू नका, तो स्वतःला शांत करतो आहे. बहिऱ्या माणसाला मागून हाका मारून उपयोग नाही, आणि त्याचे हात पाठीमागे बांधले तर त्याची जीभच बांधली. अँब्युलन्सवाल्यांनी हेही ध्यानात ठेवायला हवे की अशा मुलाचे हाड मोडलेले असले तरी तो रडेलच असे नाही. म्हणून विचारण्यापेक्षा नीट तपासावे. अपंग व्यक्तींशी समजेल अशा रीतीने बोलणे हे १९९० च्या एडीए कायद्याने सरकारी खात्यांवर, म्हणजे पोलिसांवरही, बंधनकारक आहे. तेव्हा आपण काही मेहेरबानी मागत नाही.

कोणी म्हणेल की अशा वेळी पोलीस कशाला पाठवायचे? खरे आहे. डेन्व्हरसारख्या शहराने २०२० पासून काही फोनवर बंदूकधारी पोलिसाऐवजी आरोग्यसेवकांची जोडी पाठवायला सुरुवात केली. पण "अंगणात हातात चकाकणारे काही घेतलेला माणूस" असा फोन गेला तर पोलीसच येणार. म्हणून फोन घेणाऱ्या ऑपरेटरला शिकवणेही तितकेच महत्त्वाचे. अनवाणी आहे का, एकटाच बोलतो आहे का, पंख्याकडे बघतो आहे का, असे दोन प्रश्न त्याने विचारले असते तर पोलीस वेगळ्या मनाने उतरले असते. हरवलेल्या मुलाच्या फोनवरही तसेच. २०१२ साली 'पीडिॲट्रिक्स' या मासिकात आलेल्या पाहणीत स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांनी चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी घरातून निघून जायचा प्रयत्न केला होता. अशी मुले पाण्याकडे ओढली जातात आणि बुडतात. शोध घेणाऱ्याने आधी तळे, ओढा, शेजाऱ्याचा पूल बघायचा असतो, हे त्याला कुणीतरी शिकवलेले असावे लागते.

ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांनी पान उलटू नये. आपले आईवडील आता इथे येऊन राहू लागले आहेत. स्मृतिभ्रंश झालेले पुष्कळ वृद्ध उशिरा शिकलेली भाषा आधी विसरतात. चाळीस वर्षे बँकेत इंग्रजी पत्रे लिहिलेले आजोबा फक्त मराठी बोलू लागतात. रस्ता चुकलेल्या अशा माणसाला पोलिसाने समोरून, सावकाश यायला हवे आणि फोनवर दुभाषी मागवायला हवा. तो मराठीचा मागवायचा, "इंडियन" भाषेचा नाही, हे आजोबांच्या खिशातल्या कार्डावर आपण लिहून ठेवले तरच त्याला समजणार.

इथे आपली बाजू लंगडी आहे. आम्ही पाच वर्षे मुलाचे निदान मंडळात सांगितले नाही. गणपतीला "त्याला बरे नाही" म्हणून एकजण घरी थांबायचे. पोलिसांकडे नाव नोंदवायचे तर पोटात गोळा: ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना सरकारी कागदावर नाव कशाला? ही भीती मूर्खपणाची आहे असे मी म्हणणार नाही. नोंद कोण बघते, किती दिवस ठेवतात, हे आम्ही लेखी विचारून घेतले आणि मगच फॉर्म भरला. बऱ्याच ठिकाणी घराच्या पत्त्यावर अशी टीप ठेवता येते. त्या पत्त्यावरून फोन गेला की ती ऑपरेटरच्या पडद्यावर दिसते. आमच्या टिपेत चार ओळी आहेत: बोलणे कमी, वाक्य परत म्हणतो, पंख्यापाशी सापडेल, आवाज चढवू नये. अर्थात त्या दिवशी फोन शेजाऱ्याने केला होता, तेव्हा ही टीप असती तरी उपयोगी पडलीच असती असे नाही. म्हणून आता आजूबाजूच्या सहा घरी मुलाचा फोटो आणि आमचे फोन नंबर देऊन आलो आहे. नव्या शेजाऱ्यांनी आपणहून एसीपाशी यायचे आमंत्रण दिले. गाडी चालवणाऱ्या मोठ्या मुलांसाठी कनेक्टिकटने २०२० मध्ये निळ्या लिफाफ्याची योजना काढली, ती आता आणखी राज्यांत आहे. लायसन्स, इन्शुरन्स त्यात ठेवायचे आणि वर लिहिलेले असते की चालक स्वमग्न आहे.

सदराचे नाव राखण्यासाठी पैशाचे दोन शब्द. अनपेक्षित बिलांविरुद्धचा जो कायदा २०२२ पासून लागू झाला त्यात रस्त्यावरची अँब्युलन्स येत नाही. त्यामुळे कंपनी नेटवर्कबाहेरची निघाली तर मोठे बिल हाती पडू शकते. तुमची पॉलिसी, आणि आईवडिलांची व्हिजिटर पॉलिसी, अँब्युलन्सचे किती देते ते आजच बघून ठेवा, म्हणजे प्रसंगी फोन करताना हात अडखळणार नाही. अपंगत्वासाठीचे एबल खाते असेल तर त्यातून मुलाच्या अंगावरचे जीपीएस उपकरण घेता येते. पूर्वी अपंगत्व २६ वर्षांच्या आत आलेले असावे लागे, २०२६ पासून ती मर्यादा ४६ वर्षे झाली आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीला मी पत्र दिले आहे. आपल्या गावच्या फायर स्टेशनला आणि पोलिसांना यंदाच्या पिकनिकला बोलवावे, भाषणाला नाही, जेवायला. त्यांनी गाडी आणावी, मुलांनी हेल्मेट घालून बघावे आणि त्या माणसांनी आमच्या मुलाशेजारी अर्धा तास नुसते बसावे. कार्यकारिणीत एकदोघांना पोलीस गणवेशात येणार हे पसंत नाही, पण बोलणी चालू आहेत. ज्यांना पत्त्यावरच्या टिपेचा किंवा खिशातल्या कार्डाचा नमुना हवा असेल त्यांनी पाडव्याच्या कार्यक्रमात मला गाठावे. आम्ही तिघेही येणार आहोत, आणि हॉलमध्ये ज्या बाजूला मोठा पंखा आहे त्या बाजूला बसलेले सापडू.