प्राणवायूचा दुसरा मार्ग

भिलाईचे नाव घेताच वाचकांच्या डोळ्यांपुढे धगधगत्या भट्ट्या आणि रेल्वेचे लांबच लांब रूळ उभे राहतील. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादासाठी प्राणवायूही लागतो, हे मात्र पुष्कळांना २०२१ च्या उन्हाळ्यातच प्रथम कळले. हवा अतिशय थंड करून तिच्यातून वेगळा काढलेला हा वायू द्रवरूपात टँकरांत भरून भिलाईहून विदर्भातील रुग्णालयांकडेही जात होता.

कारखान्यात वायूची धास्ती सर्वांना असते, आणि ती सार्थ आहे. १२ जून २०१४ रोजी भिलाईतच एका पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब उतरला. त्या पाण्याच्या दाबाने अडवून धरलेला विषारी वायू उलट वाटेने पंपगृहात शिरला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. बिघडला होता पंप, जीव घेतला तो वायूने. यंत्रांचे धोके बहुधा असेच शेजारच्या दाराने येतात.

आता रुग्णालयाकडे वळू. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात साठवण टाकीतून द्रवरूप प्राणवायूची गळती झाली, नळीतील दाब उतरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. टाकी अंगणात होती, रुग्ण आत होते. खाटेशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या हाती त्या टाकीची झडप नव्हती.

द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश तापमानाला उकळतो आणि त्याच्या एका लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू होतो. म्हणूनच टाकी सोयीची. पण म्हणूनच शंभर माणसांचा श्वास एकाच जोडावर टांगलेला राहतो. टाकीला राखीव आधार म्हणून मोठी सिलिंडरे जोडून ठेवण्याची पद्धत आहे. काळे अंग आणि पांढरे खांदे असलेली ही सिलिंडरे आपण पाहिली असतीलच. त्यांतील मोठ्यात सुमारे ७००० लिटर वायू मावतो. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या एका रुग्णास तो साडेअकरा तासांहून थोडा अधिक पुरेल. तशाच दहा रुग्णांना मात्र अवघी ७० मिनिटे. वेगवान प्रवाहाच्या यंत्रावरील रुग्ण मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू घेतो, त्याला एकट्यालाही ते सिलिंडर दोन तास पुरत नाही. ‘आमच्याकडे राखीव साठा आहे’ हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. किती रुग्णांना, किती वेळ, आणि तो जोडण्यास किती मिनिटे लागतात, हेही विचारावे लागते.

हेच संगणकालाही लागू पडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने, कागदावर करावी लागली. कागद हे जुनाट साधन खरे, पण ज्या रुग्णालयात तो वापरण्याची सवय मोडली नव्हती त्याची धांदल कमी झाली असती, असे मला वाटते.

भिलाईत कारखाना आणि त्याचे सेक्टर ९ मधील रुग्णालय एकाच वसाहतीत नांदतात. कारखान्यात वायूच्या नळीला हात लावण्यापूर्वी लेखी परवाना घ्यावा लागतो. पाळी बदलताना दाबाचे आकडे पुढच्याच्या स्वाधीन होतात. या रीतीस खर्च फारसा नाही, फक्त एक वही आणि एक जबाबदार माणूस हवा. सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. आपल्या परिचयाचे कोणी तिच्यावर असेल, तर पुढच्या बैठकीत त्यांनी एवढे जरूर विचारावे: रात्री दोन वाजता टाकीजवळ गळती झाली, तर झडप बंद करणाऱ्याचे नाव कोणत्या फळ्यावर लिहिलेले आहे, आणि त्या रात्री तो इमारतीत असतो काय?