पाय वाचवायचा, तर वेळेत पोहोचायला हवे

चालताना पोटरीत गोळे येतात, थांबले की बरे वाटते. वयाची कुरकुर म्हणून अनेक जण ही तक्रार अंगावर काढतात. प्रत्यक्षात ती पायाची धमनी अरुंद झाल्याची सूचना असू शकते. दुर्लक्ष झाले, तर पुढे बोट काळे पडते, जखम भरत नाही आणि पाय कापण्याची वेळ येते. ही वेळ टाळणारी शाखा म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जरी, रक्तवाहिन्यांची शल्यचिकित्सा.

रक्तवाहिन्या टाक्यांनी जोडण्याचे तंत्र विकसित केल्याबद्दल अ‍ॅलेक्सिस कॅरेल यांना १९१२ मध्ये नोबेल मिळाले. १९४८ मध्ये पॅरिसला ज्याँ कुनलाँ यांनी रुग्णाच्याच पायातील शीर वापरून बंद धमनीला पर्यायी वाट, म्हणजे बायपास, करून दिली. १९६४ मध्ये अमेरिकेत ८२ वर्षांच्या एका महिलेने पाय कापून घ्यायला नकार दिला. चार्ल्स डॉटर यांनी मोठी चिरफाड न करता, धमनीत नळी सरकवून ती रुंद केली आणि पाय वाचला. डॉटर सर्जन नव्हते, क्ष-किरणतज्ज्ञ होते!

आज बरीच कामे तार, फुगा आणि स्टेंटनेच होतात. रुग्ण लवकर घरी जातो. मात्र त्यामुळे तरुण सर्जनांना खुल्या शस्त्रक्रियेचा सराव कमी मिळू लागला आहे. ही चिंतेची बाब आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीत, पायाची शीर चांगली असलेल्या रुग्णांत बायपास सरस ठरला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील ‘बेसिल-२’ चाचणीत, गुडघ्याखालच्या धमन्यांच्या आजारात कौल फुग्याच्या बाजूने गेला. अर्थ स्पष्ट आहे : सर्जनला दोन्ही विद्या यायला हव्यात.

आपल्याकडे दुसरे आव्हान अधिक मोठे आहे. ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यात तंबाखू आणि विडीची भर. व्हॅस्क्युलर सर्जन मात्र बहुतांशी मोठ्या शहरांतच आहेत. धमनीत अचानक गुठळी अडकून रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर पाय वाचवायला साधारण सहा तास मिळतात. दुर्गम तालुक्यातील रुग्णाचे हे तास रस्त्यातच संपतात.

केवळ महागडी यंत्रे आणून हे सुटणार नाही. जिल्हा रुग्णालयातील सर्जनला गुठळी काढण्याचे प्रशिक्षण आणि रुग्णाला पुढे पाठवण्याची ठरलेली व्यवस्था हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या पायाची नाडी हाताने तपासली गेली पाहिजे. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.९ पटीपेक्षा कमी असेल, तर धमनीचा आजार असल्याचे समजते. या तपासणीला काही मिनिटे लागतात. त्या काही मिनिटांत एक पाय वाचू शकतो.