वैमानिक व्हायचंय? मग आधी एनडीए

आमच्या लालबर्ऱ्यात बारावीचा निकाल लागला की एक सल्ला घरोघर फिरू लागतो. सल्ला देणाऱ्या गृहस्थांच्या शब्दाला गावात वजन आहे, म्हणूनच त्या सल्ल्याचं खंडन करणं भाग आहे. ते म्हणतात, हवाई दलात वैमानिक व्हायचं तर घाई नको. एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) ही सैनिकी शाळांतल्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुलांची परीक्षा. आपल्या पोरानं आधी पदवी घ्यावी; ऐपत असेल तर शेजारी गोंदियाला, बिरसीच्या विमानतळावर सीपीएल करावं. असा तयार वैमानिक हवाई दल हातोहात उचलतं.

हातोहात! घोडं पेंड खातं ते इथेच. सीपीएल हा व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. त्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च चाळीस लाखांच्या पुढे जातो. आमच्याकडे एवढा पैसा उभा करायचा म्हणजे धानाच्या बांध्या विकायच्या. त्या विकून हवाई दलाच्या दारात काय मिळतं? अ‍ॅफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेत वयाची मर्यादा 24 ऐवजी 26. पदवी लागतेच. लेखी परीक्षा सुटत नाही, एसएसबीची मुलाखत सुटत नाही, वैद्यकीय तपासणीही सुटत नाही. या तपासणीत पायाची लांबी मोजतात, हे त्या गृहस्थांनी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. मुलाला भिंतीला पाठ टेकवून, पाय सरळ पसरून बसवतात आणि टाचेपर्यंत माप घेतात. ते 99 ते 120 सेंटिमीटरांत बसलं पाहिजे. मुलाची उंची किमान 162.5 सेंटिमीटर हवी. रंग नीट ओळखता आले पाहिजेत. चाळीस लाख भरून झाल्यावर हे कळलं तर त्या बापानं कुणाच्या नावानं बोटं मोडायची? आणि सगळं पार करून निवड झालीच, तरी दुंडिगलच्या अकादमीत हा परवानाधारक पिलाटस विमानावर पहिल्या धड्यापासून शिकतो; शेजारी असतो तो आयुष्यात कधी कॉकपिट न पाहिलेला मुलगा. प्रवासी विमान चालवायचं असेल तर सीपीएल उत्तमच, बिरसीची संस्था त्यासाठीच आहे. लढाऊ विमानासाठी मात्र हा द्राविडी प्राणायाम आहे.

आता पदवीचं. एनडीएच्या वाटेनं गेलं तरी जेएनयूची पदवी मिळतेच, प्रशिक्षणाचा खर्चही सरकार करतं. शिवाय एनडीएचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. पदवी हातात येईपर्यंत ते दार बंद झालेलं असतं. उलट एनडीए हुकली तरी पदवीनंतर सीडीएस आणि अ‍ॅफकॅट या परीक्षा आहेतच. अ‍ॅफकॅटमधून वैमानिकाची नेमणूक 14 वर्षांची, एनडीएतून कायमची. वैमानिकाची सीपीएसएस चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून थांबा, असंही सांगितलं जातं. तिथे हातापायांचा ताळमेळ आणि यंत्रांवरचे काटे वाचण्याची चपळाई पाहतात, ती बी.एस्सी. केल्यानं येत नाही.

अवनी चतुर्वेदींचं उदाहरण तर हमखास येतं. मध्य प्रदेशच्या या मुलीनं आधी पदवी घेतली आणि 2016 साली ती देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांपैकी एक झाली. खरं आहे. पण तेव्हा एनडीए मुलींना बंद होती! सर्वोच्च न्यायालयाच्या 2021च्या आदेशानंतर ती उघडली, 2022 साली पहिल्या मुली खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दाखल झाल्या आणि 2025च्या मे महिन्यात बाहेर पडल्या. बंद दाराच्या काळातली वाट आजच्या मुलींना दाखवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

इंग्रजीचा बागुलबुवा? गणित आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न हिंदीतही असतात. लेखीच्या 900 गुणांत इंग्रजीचे 200. सैनिकी शाळा? जून 2025मध्ये अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला लखनौच्या नागरी शाळेतून एनडीएत गेले होते.

मग करायचं काय? अकरावीत गणित आणि भौतिकशास्त्र सोडायचं नाही. आमच्या भागात डॉक्टरकीच्या आशेनं निम्मा वर्ग जीवशास्त्राकडे वळतो, गणिताला राम राम ठोकतो आणि एनडीएच्या हवाई शाखेचं दार आपल्या हातानं लावून घेतो.  नववीपासून गणित पक्कं करा, रोज धावा, डोळे तपासून घ्या. परीक्षा वर्षातून दोनदा होते, बारावीत असतानाच बसता येतं, अर्जाला शंभर रुपये पडतात आणि मुलींना तेवढेही नाहीत. त्या गृहस्थांनी पुढच्या वेळी सल्ला देताना सीपीएलच्या आधी या शंभर रुपयांच्या अर्जाची माहिती द्यावी, एवढी माझी मागणी आहे.