उनकेश्वरला जावे, पण गोळ्या घेऊन

संक्रांत झाली की आमच्या चौसाळ्याकडची माणसे पाहुण्यांकडे निघतात. गावातले बरेचजण कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात. जे मागे राहतात, त्यांना या दिवसांत चार दिवस सवड मिळते. माझ्या मावशीची लेक किनवटला दिलेली आहे. तीन वर्षांपूर्वी मावशी तिच्याकडे गेली, माहूरला रेणुकामातेचे दर्शन घेतले आणि जावयाने हौसेने तिला उनकेश्वरला नेले.

उनकेश्वर किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी आहे. तिथे गरम पाण्याचे कुंड आहे. शरभंग ऋषींचा रोग जावा म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा सांगतात. म्हणून कातडीच्या रोगाची माणसे तिथे लांबून येतात. मावशीचे दुखणे गुडघ्यांचे. स्नान करून ती बाहेर आली आणि म्हणाली, "दहा वर्षांनी पाय मोकळे झाले गं बाई!"

यात खोटे काही नाही. पावसाचे पाणी भेगांतून जमिनीत खोल मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि वाट मिळेल तिथे वर येते. येताना क्षार आणतो, कुठे गंधकही. अशा पाण्यात शरीराचा भार हलका होतो, आखडलेले स्नायू सैल पडतात, सांधे बरे वाटतात. गंधक तर खरजेवरचे जुने औषध आहे. वज्रेश्वरी, उन्हेरे, उन्हवरे, राजवाडी अशा कोकणातल्या उन्हाळ्यांवर लोक उगीच जात नाहीत. मात्र गुडघ्याची झालेली झीज पाण्याने भरून येत नाही. आराम पडतो तो काही दिवसांचा. माझ्या मते त्यातला निम्मा आराम लेकीच्या घरी चार दिवस आयते बसून जेवल्याचा असतो!

पुढची गोष्ट मला सांगायला जड जाते. मावशीला बारा वर्षांचा मधुमेह. गोळ्यांचा डबा ती चौसाळ्यालाच विसरली होती. लेकीकडे पुरणपोळी झाली, तिळाचे लाडू झाले, ज्या घरी गेली तिथे गोड चहा झाला. "एका घोटानं काय व्हतंय मावशी" हे वाक्य आपल्याकडे कोण म्हणत नाही? आणि कुंडाच्या पाण्याने बरे वाटले, म्हणून लेकीने मायेने रोज रात्री घंगाळात कढत पाणी, त्यात मूठभर मीठ टाकून आईचे पाय शेकायला सुरुवात केली. तिसऱ्या रात्री पायाला फोड आले. मावशीला कळलेच नाही.

साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. पन्नास अंशांचे पाणी काही मिनिटांत कातडी भाजते, साठ अंशांचे काही सेकंदांत. चांगल्या पायाचा माणूस चटकन पाय ओढतो, बधिर पाय तसाच पाण्यात राहतो. मावशी आठ दिवसांनी परत आली तेव्हा करंगळी काळी पडलेली होती. ती काढावी लागली. लेक अजून स्वतःलाच दोष देते. दोष तिचा नाही, माझा आहे. मी घरचा डॉक्टर. निघताना मी मावशीला एस.टी.त बसवून दिले, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, पण पायाबद्दल एक शब्द बोललो नाही.

माझ्या एका मित्राचा मुलगा टोकियोत नोकरीला आहे. आईवडील त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने त्यांना हाकोनेला नेऊन गरम झऱ्याच्या पारंपरिक विश्रामगृहात एक रात्र ठेवले. बायकांचे स्नानगृह वेगळे असले तरी अंगावर वस्त्र न ठेवता उतरायचे, हे ऐकून वहिनी आधी खोलीतूनच बाहेर येईनात. तिथे पाण्यात उतरण्यापूर्वी ठेंगण्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे लागते. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. शिवाय या झऱ्यांसाठी जपानात १९४८ चा कायदा आहे. पाण्यात काय आहे, कोणत्या दुखण्यात त्यात उतरू नये आणि उतरताना काय जपावे, हे लोकांना दिसेल असे लावावे लागते. मित्राने परत आल्यावर मला विश्रामगृहातल्या जेवणाचे फोटो दाखवले, मी मात्र त्याला त्या पाटीबद्दलच विचारत राहिलो.

आपल्याकडच्या प्रत्येक कुंडावर अशी एक पाटी मराठीत का असू नये? खर्च तो किती? ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर आठवड्याचे काम आहे. मधुमेह असेल तर आधी दुसऱ्याने हात घालून पाणी पाहावे आणि घरी पाय शेकूच नयेत. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने जेवल्याबरोबर उतरू नये, दहा मिनिटांत बाहेर यावे आणि सावकाश उठावे, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या फुगतात, दाब उतरतो आणि भोवळ येते. दारू पिऊन तर उतरूच नये. गरोदर बाईने बाहेरच बसावे. खरूज, नायटा असेल त्याने इतरांबरोबर उतरू नये, टॉवेल आपापला ठेवावा.

त्याच पाटीवर मी आणखी एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहीन. अंगावर बधिर चट्टा असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगावरची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि सहा महिने किंवा वर्षभराच्या उपचारात रोग बरा होतो. कुंडाच्या आशेवर काढलेल्या एका वर्षात बोटे वाकडी होतात, ती मग औषधाने सरळ होत नाहीत. (कोड मात्र वेगळे. ते संसर्गजन्य नाही, त्या माणसाला कुणी पाण्यातून उठवू नये.)

यंदा मावशी पुन्हा किनवटला निघाली आहे. नाही म्हणायची माझी छाती नाही. गोळ्यांच्या डब्याला सुनेने दोरी बांधून तो पिशवीच्या कडीला अडकवला आहे. किनवटला मी स्वतः फोन केला. लेक म्हणाली, "दादा, घंगाळ मी माळ्यावर टाकलंय."